फाटकापाशी पाण्याचा दाब किती? नव्या सोसायटीने पाणीपुरवठा कसा समजून घ्यावा आणि कसा तपासावा

ऑगस्टच्या अखेरीस खडकवासला साखळीतील धरणे भरल्याची बातमी येते, मुठेत विसर्ग सुरू होतो, आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या कडेला वसलेल्या नव्या सोसायट्यांच्या फाटकांवर टँकर उभेच असतात. धरण भरले असताना आपल्याला पाणी का नाही, हा रहिवाशांचा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर धरणात सापडत नाही. धरण आणि नळ यांच्यामध्ये शुद्धीकरण केंद्र, पंप, टाक्या, शेकडो किलोमीटर जलवाहिन्या आणि असंख्य व्हॉल्व्ह असतात, आणि नव्या वस्तीची अडचण बहुतेक वेळा या साखळीच्या शेवटच्या एक-दोन किलोमीटरमध्ये असते. पाणीपुरवठ्याच्या कामावर अनेक वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, फाटकापाशी दाब किती मीटर आहे, पाणी किती तास येते आणि त्या तासांत किती लिटर मिळते, हे तीन आकडे ज्या सोसायटीकडे लिहिलेले असतात तिचे गाऱ्हाणे कार्यालयात वेगळ्या रीतीने ऐकले जाते. सदनिका घेण्यापूर्वीच हे आकडे विचारणाऱ्या कुटुंबाचा तर पुढचा मोठा खर्च वाचतो. हे आकडे कसे मिळवावेत आणि त्यांचा अर्थ कसा लावावा, ते येथे सांगितले आहे. उदाहरणे पुण्याची आहेत, कारण ते शहर मी जवळून पाहिले आहे. रीत मात्र कोणत्याही शहराला लागू पडते.

आधी साखळी ओळखावी

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे पाणी खडकवासल्यातून पर्वती, लष्कर, वडगाव, वारजे अशा जलकेंद्रांकडे येते. शहराच्या पूर्वेकडील वडगाव शेरी, खराडी या भागांसाठी भामा आसखेड धरणातून स्वतंत्र योजना आहे आणि ती २०२१ मध्ये सुरू झाली. जलकेंद्रात पाणी निवळून, गाळून, क्लोरीन देऊन शुद्ध केले जाते आणि पंपाने उंचावरच्या टाक्यांत चढवले जाते. पाणी वर चढवणारी ती ऊर्ध्ववाहिनी, उंचावरून आपल्या वजनाने खाली उतरवणारी ती गुरुत्ववाहिनी, आणि टाकीपासून गल्लीबोळांत पसरलेले बारीक जाळे म्हणजे वितरण व्यवस्था. नळजोड मिळतो तो वितरण व्यवस्थेवर. आपल्या भिंतीलगत हातभर व्यासाची वाहिनी जात असूनही तिच्यावरून जोड मिळत नाही, याचा अनेकांना राग येतो. परंतु टाकी भरणाऱ्या वाहिनीला मध्येच तोंडे पाडली, तर टाकी भरत नाही आणि त्या टाकीवर अवलंबून असलेला सगळा विभाग कोरडा पडतो. त्यामुळे ही मागणी करण्यात वेळ घालवू नये.

उतारावर चालणारी व्यवस्था पुण्याला नवी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत दगडी नळ बांधला गेला आणि त्यावर पेठांतील हौद भरू लागले. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास नावाचे उभे बांधकाम होते. त्यातून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि गाळ काढता येई. आजच्या वाहिनीवर उंचवट्याच्या जागी एअर व्हॉल्व्ह आणि सखल जागी गाळ सोडण्याचा स्कॉवर व्हॉल्व्ह बसवतात, ते याच दोन कामांसाठी.

म्हणून पहिले काम असे की, आपली सोसायटी कोणत्या टाकीवर आहे ते शोधावे. ही माहिती सर्वांत खात्रीने सांगतो तो त्या भागाचा चावीवाला, म्हणजे रोज लोखंडी चावी घेऊन व्हॉल्व्ह उघडणारा आणि बंद करणारा कर्मचारी. टाकीचे नाव, आपला व्हॉल्व्ह कोणत्या चौकात आहे, तो किती वाजता उघडतो, आपल्याआधी कोणाला पाणी मिळते आणि आपण वाहिनीच्या मधल्या भागात आहोत की शेवटी, म्हणजे टेलला, हे त्याच्याकडून आदराने समजून घ्यावे. पुणे महानगरपालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ विभाग पाडून ८२ टाक्यांची आखणी झाली, ती एका विभागाला एकाच टाकीचे मोजलेले पाणी मिळावे या हेतूने. आपला विभाग त्या आखणीत आहे की नाही, हे क्षेत्रीय पाणीपुरवठा कार्यालयात विचारता येते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. त्या गावांतल्या सोसायट्यांनी हा प्रश्न आवर्जून विचारावा, कारण तेथे ग्रामपंचायतीच्या काळातील बारीक वाहिन्यांवर दहा-बारा मजली इमारतींचा भार आलेला आहे.

उंचीचा हिशेब

पाण्याचा दाब मीटरमध्ये मोजण्याची पद्धत सोपी आणि उपयोगाची आहे. दाबमापकावरील एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम, हा दाब सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. समजा, टाकीचा तळ समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर आहे आणि आपले फाटक ५८० मीटरवर. पाणी वाहत नसताना फाटकापाशी निदान २० मीटर, म्हणजे दोन किलो दाब मिळायला हवा. टाकी भरलेली असेल तर आणखी चार-पाच मीटर. मोबाइलवर दिसणारी उंची या हिशेबासाठी वापरू नये, कारण तिच्यात पाच-दहा मीटरची चूक सहज असते आणि आपला सगळा हिशेबच तेवढ्या मीटरांचा आहे. वास्तुविशारदाकडे जागेचा समपातळी रेषांचा नकाशा असतो, तो मागावा.

पाणी वाहू लागले की घर्षणामुळे दाब घटतो, आणि नव्या वस्तीची गोष्ट बहुधा येथेच बिघडते. १२० सदनिकांची सोसायटी घ्या. घरटी पाच माणसे आणि माणशी १३५ लिटर, हे शहरी पुरवठ्याचे रूढ प्रमाण धरले, तर रोजची गरज ८१,००० लिटर होते. हे पाणी चोवीस तास सावकाश मिळाले, तर प्रवाह सेकंदाला एक लिटरपेक्षाही कमी राहतो आणि ४० मिलिमीटर व्यासाची वाहिनी पुरते. तेच पाणी दोन तासांत घ्यायचे झाले, तर सेकंदाला सव्वाअकरा लिटर लागतात, म्हणजे बारापट. एवढा प्रवाह १०० मिलिमीटरच्या नव्या, गुळगुळीत वाहिनीतून ४०० मीटर नेताना सुमारे ८ मीटर दाब खर्च होतो. वाहिनी १५० मिलिमीटरची असेल, तर त्याच अंतरात एक मीटरपेक्षा किंचितच जास्त. व्यास दीडपट केला की घर्षणाचे नुकसान जवळजवळ सातपटीने घटते, ही गोष्ट नव्या वस्तीचे नियोजन करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. वाहिनीचा खर्च वाचवताना व्यासात हात आखडता घेतला जातो आणि त्याची किंमत पुढे पंचवीस-तीस वर्षे टँकरच्या रूपाने रहिवासी मोजत राहतात.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. पाणी ठरावीक तासच सोडण्याच्या पद्धतीत सर्वांचा उपसा एकाच वेळी होतो, म्हणून जाळ्याला चोवीस तासांच्या पुरवठ्यापेक्षा कितीतरी अधिक भार सोसावा लागतो. टाकीजवळच्या सोसायट्यांचे हौद भरेपर्यंत शेवटच्या सोसायटीकडे दाब पोचतच नाही, आणि तो पोचू लागतो तेव्हा व्हॉल्व्ह बंद होण्याची वेळ झालेली असते. आपण टेलला असाल, तर पाणी किती वाजता सोडले यापेक्षा आपल्या मीटरचा काटा किती वाजता फिरू लागला, हे टिपून ठेवावे.

दाब प्रत्यक्ष मोजावा

शून्य ते सात किलोपर्यंतचा साधा दाबमापक प्लंबिंगच्या दुकानात मिळतो. पाण्याच्या मीटरनंतर आणि हौदाच्या फ्लोट व्हॉल्व्हच्या, म्हणजे हौद भरताच पाणी आपोआप थांबवणाऱ्या व्हॉल्व्हच्या आधी, मुख्य नळावर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून तो लावावा. त्याच्यापुढे, हौदाच्या बाजूला, एक बंद करता येणारा व्हॉल्व्ह असावा. परवानाधारक प्लंबरला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. पाणी येण्याच्या वेळी एक जबाबदार माणूस वही घेऊन तेथे बसला पाहिजे. पहाटे साडेपाचची वेळ असली, तरी निदान एक आठवडा हे करावे. पाणी येण्याआधी नळातून फुसफुस हवा येते, मीटर त्या हवेनेही फिरतो, मग दोन-तीन धक्के देऊन गढूळसर पाणी येते आणि काटा हळूहळू स्थिरावतो. काटा स्थिरावल्यावर दर पंधरा मिनिटांनी दोन नोंदी घ्याव्यात: पुढचा व्हॉल्व्ह क्षणभर बंद करून दिसणारा बंद दाब, आणि तो पूर्ण उघडा असताना दिसणारा चालू दाब.

या दोन आकड्यांतील फरक बरेच काही सांगतो. दोन्ही दाब कमी असतील, तर जागा टाकीच्या मानाने उंच आहे किंवा टाकीच पुरती भरत नाही, आणि उपाय वरिष्ठ पातळीवरचा आहे. बंद दाब चांगला असेल आणि पाणी सुरू होताच काटा कोसळत असेल, तर जवळपास कोठेतरी वाट अरुंद आहे: बारीक वाहिनी, गाळाने चोंदलेली जाळी, गंजलेला जुना जोड किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह. एका सोसायटीने दोन वर्षे कमी पाण्याची पत्रे लिहिली होती. आम्ही मापक लावला तेव्हा बंद दाब एक किलो आठशे ग्रॅम आणि चालू दाब जेमतेम तीनशे ग्रॅम दिसला. शोध घेता घेता रस्त्याच्या डांबराखाली झाकले गेलेले व्हॉल्व्हचे चेंबर सापडले. पूर्ण उघडायला वीसच्या आसपास आटे लागणारा तो व्हॉल्व्ह कोणत्या तरी जुन्या दुरुस्तीनंतर दोनच आट्यांवर राहिला होता. चावीने तो उघडताना आतून पाण्याचा आवाज बदलत गेला, तो मला अजून आठवतो. त्या आठवड्यात त्यांचे टँकर बंद झाले.

किती दाब मिळायला हवा, याचेही मोजमाप आहे. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत वितरण व्यवस्थेत एकमजली इमारतीसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीनमजलीसाठी १७ मीटर दाब उरावा, असे सांगितले होते. उंच इमारतींनी आपला हौद आणि आपले पंप वापरावेत, हे त्यात गृहीत होते. म्हणून बाराव्या मजल्यावर महापालिकेच्या दाबाने पाणी चढावे ही अपेक्षा चुकीची ठरते. फाटकापाशी सात मीटरही मिळत नसतील, तर मात्र तक्रारीला पक्का आधार आहे.

नळजोडावर थेट पंप लावून वाहिनीतले पाणी खेचणे हा अनेक ठिकाणी केला जाणारा उपाय बेकायदेशीर आहेच, शिवाय घातकही आहे. त्यामुळे शेजाऱ्याचे पाणी तुटते, आणि रिकाम्या होत आलेल्या वाहिनीत उणा दाब तयार होऊन फटींतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पंप लावायचा तो हौदानंतरच.

हौद किती मोठा असावा

पुणेकरांना गुरुवारची सवय आहे: देखभालीसाठी पाणी बंद, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येणार, ही सूचना आपण वर्षानुवर्षे वाचतो. दुसऱ्या दिवशीचा उशीर हा निष्काळजीपणा नसून रिकाम्या वाहिन्या भरण्याला लागणारा वेळ असतो. ५०० मिलिमीटर व्यासाच्या एक किलोमीटर वाहिनीत जवळजवळ दोन लाख लिटर पाणी मावते. ते भरले आणि हवा बाहेर गेली की मगच पुढे दाब तयार होतो. वाहिनी घाईने भरली, तर कोंडलेली हवा आणि पाण्याचा धक्का यांनी ती फुटते, म्हणून चावीवाला व्हॉल्व्ह टप्प्याटप्प्याने उघडतो. यावरून सोसायटीने आपला साठा ठरवावा. जमिनीखालचा हौद आणि गच्चीवरची टाकी मिळून निदान दीड दिवसाची गरज भागली पाहिजे. आपल्या उदाहरणातील सोसायटीसाठी हे सव्वा लाख लिटरच्या आसपास येते. आगीसाठीचा साठा यात मोजू नये.

हौद मोठा असून भागत नाही. पाणी येते त्या तासांत तो भरलाही पाहिजे. त्यासाठी नळजोडाचा व्यास, रस्त्यावरील वाहिनीवर बसवलेल्या फेरूलचे, म्हणजे जिथून नळजोड निघतो त्या तोंडाचे, छिद्र आणि मीटरचा आकार हे तिन्ही एकमेकांना साजेसे असावेत. जोड पन्नास मिलिमीटरचा आणि फेरूल पंचवीसचा, असे मी कितीदा पाहिले आहे. पाणीपट्टीच्या कागदावर मोठा आकडा असतो आणि पाणी लहान छिद्रातून येते.

आवारातील जाळे ताब्यात घेण्यापूर्वी

विकसकाकडून सोसायटीचा ताबा घेताना लोक रंग, लिफ्ट आणि वाहनतळ पाहतात. जमिनीखाली गेलेली वाहिनी कोणी पाहत नाही, आणि नंतर ती पाहता येत नाही. काम सुरू असतानाच जाता आले, तर चर उघडा असताना जावे. रस्त्याखालील वाहिनीवर सुमारे एक मीटर माती असली पाहिजे. आपल्याकडे हातभर मुरूम निघाला की खाली काळा कातळ लागतो, ठेकेदाराचे ब्रेकर तेथे थकतात आणि वाहिनी फूटभर खोलीवर कातळावरच ठेवली जाते. मग पहिल्या जड डंपरने ती दुखावते. कातळ फोडून, तळाशी वाळूचा किंवा बारीक चाळलेल्या मातीचा दहा-पंधरा सेंटिमीटर थर देऊन मगच पाइप ठेवला जातो, हे डोळ्यांनी पाहावे.

मलनिस्सारण वाहिनीपासून पाण्याची वाहिनी आडवे तीन मीटर दूर असावी. तेवढी जागा नसेल, तर ती वेगळ्या चरात आणि मैलावाहिनीच्या माथ्यापेक्षा निदान अर्धा मीटर वर असावी. या एका बाबतीत कोणतीही तडजोड करू नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

वळणे आणि टोके नीट पाहावीत. १५० मिलिमीटरच्या वाहिनीत सहा किलो दाब असताना काटकोनातल्या वळणावर बाहेरच्या दिशेने सुमारे दीड टन जोर येतो. डक्टाइल लोखंडी पाइप रबरी कडीवर एकमेकांत नुसते सारलेले असतात. मागे काँक्रीटचा ठोकळा नसेल, तर हा जोर सांधा हळूहळू उघडतो आणि जमिनीखाली गळती सुरू होते. एचडीपीई पाइप, म्हणजे निळ्या पट्ट्यांचा काळा प्लास्टिक पाइप, वितळवून जोडतात. त्याच्या सांध्याभोवती सगळीकडे सारखी कड आलेली असावी. ज्या सांध्याची कड एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने पातळ आहे, तो कापून पुन्हा करायला सांगावे.

चर बुजवण्याआधी दाबाची चाचणी झालीच पाहिजे. वाहिनी पाण्याने भरून, हवा काढून, वापरातील दाबाच्या दीडपट दाब हातपंपाने द्यायचा आणि तो टिकतो का ते पाहायचे, ही साधी रीत आहे. चाचणीच्या वेळी सोसायटीचा एक माणूस हजर असावा आणि कागदावर त्याची सही असावी. त्याच बरोबर जसे काम झाले तसा नकाशा मागून घ्यावा: कोणती वाहिनी कोठून जाते, कोणत्या खांबापासून किती अंतरावर, व्हॉल्व्ह कोठे, व्यास किती. मंजुरीचा नकाशा आणि प्रत्यक्ष काम यांत फरक असतोच. हा कागद नसल्यामुळे एका गळतीसाठी अख्खा अंतर्गत रस्ता खणावा लागलेल्या सोसायट्या मला माहीत आहेत.

आवारात प्रत्येक इमारतीला स्वतंत्र बंद करता येणारा व्हॉल्व्ह असावा, आणि जाळे शक्यतो वेढ्यासारखे जोडलेले असावे. टोकाला संपणाऱ्या वाहिनीत पाणी साचून राहते आणि त्यातला क्लोरीन उडून जातो. असे टोक असलेच, तर तेथे धुण्याचा व्हॉल्व्ह बसवून महिन्यातून एकदा पाणी सोडून द्यावे.

पाणी पिण्याजोगे आहे का

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडील नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. दूषित पाणी व अन्न यांतून तो पसरतो. त्या दिवसांत अनेक सोसायट्यांनी पहिल्यांदाच आपल्या पाण्यातला क्लोरीन तपासला. ही तपासणी रोजची असायला हवी होती आणि ती अवघड मुळीच नाही.

क्लोरीन तपासण्याचा छोटा संच बाजारात मिळतो. नळाच्या पाण्यात डीपीडीची गोळी टाकली की क्लोरीन असल्यास गुलाबी रंग येतो, आणि तो रंगपट्टीशी जुळवून प्रमाण वाचता येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा. नमुना तीन ठिकाणांहून घ्यावा: मीटरजवळून, हौदातून आणि सर्वांत दूरच्या घरातील स्वयंपाकघराच्या नळातून. मीटरजवळच क्लोरीन नसेल, तर महापालिकेला त्याच दिवशी कळवावे. मीटरजवळ आहे आणि हौदात नाही, तर दोष आपल्या आवारात आहे. टँकरचे पाणीही हौदात सोडण्यापूर्वी याच गोळीने तपासावे. रंग आला नाही, तर टँकर परत पाठवण्याचा अधिकार पहारेकऱ्याला लेखी द्यावा.

नव्या इमारतींत तळघरात पाण्याचा हौद आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र एका भिंतीला लागून बांधलेले आढळतात. ही रचना मला फार काळजीची वाटते. प्रक्रिया केलेले पाणी शौचालयांसाठी वापरणे उत्तमच आहे, कारण माणशी १३५ लिटरपैकी सुमारे ४५ लिटर तेथेच खर्च होतात. पण दोन्ही नळ कोठेही एकमेकांना जोडलेले नाहीत याची खात्री वर्षातून एकदा करावी. पिण्याच्या पाण्याची गच्चीवरील वाहिनी पूर्ण बंद करावी आणि घरोघरी नळ उघडून पाहावे. सुरुवातीला नळात साठलेले पाणी येईल. पाच-दहा मिनिटांनंतरही एखादा नळ वाहतच राहिला, तर तो प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या नळाशी जोडलेला आहे, असे समजून तत्काळ प्लंबर बोलवावा.

रात्रीची गळती

रात्री एक ते चार या वेळेत माणसे पाणी वापरत नाहीत, गळती मात्र चालूच असते. पंप बंद ठेवून एक वाजता गच्चीवरच्या टाकीची पातळी काठीने मोजावी आणि चार वाजता पुन्हा मोजावी. टाकी पाच मीटर लांब व चार मीटर रुंद असेल आणि पातळी पाच सेंटिमीटर उतरली असेल, तर तीन तासांत एक हजार लिटर गेले, म्हणजे दिवसाला आठ हजार. दहा हजार लिटरच्या टँकरमधले इतके पाणी बहुधा वाहत्या फ्लशमधून आणि न थांबणाऱ्या फ्लोट व्हॉल्व्हमधून जाते. हौदाची परीक्षाही याच रीतीने, येणारे आणि जाणारे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून करावी. पातळी उतरली, तर हौद गळतो. पातळी चढली, तर बाहेरचे पाणी आत येत आहे. तसे दिसताच त्या हौदाचे पाणी पिणे थांबवून तो रिकामा करून तपासावा.

कोणाला काय विचारावे

घर घेणाऱ्याने विकसकाला 'पाणी आहे का' असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी होकारार्थी येते. महापालिकेचा नळजोड मंजूर आहे का, किती मिलिमीटरचा, कोणत्या टाकीवरून, आणि मंजुरीचे पत्र दाखवाल का, असे विचारावे. महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत स्वखर्चाने पाणी पुरवण्याचे हमीपत्र विकसकाने बांधकाम परवानगीच्या वेळी दिले असेल, तर त्याची प्रत मागावी आणि करारनाम्यात त्याचा उल्लेख करून घ्यावा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रे पाहता येतात. आजूबाजूच्या, तीन-चार वर्षांपूर्वी ताबा मिळालेल्या सोसायटीत जाऊन एप्रिल-मे महिन्यांतील टँकरची बिले पाहायला मिळाली, तर सर्वांत खरे चित्र कळते.

ज्या सोसायटीत लोक राहायला आलेले आहेत, तिच्या कार्यकारिणीने क्षेत्रीय कार्यालयाला अर्ज देताना वर्णन थोडके आणि आकडे पुरते द्यावेत: सदनिका १२०, गरज रोज ८१,००० लिटर, गेल्या तीस दिवसांत मीटरप्रमाणे मिळालेले पाणी रोज सरासरी इतके, पुरवठ्याचे तास इतके, बंद दाब इतका, चालू दाब इतका, वाहिनीच्या शेवटी आहोत. नोंदवहीच्या पानांची छायाप्रत जोडावी. मागणीही नेमकी असावी: अमुक चौकातील व्हॉल्व्हची तपासणी, अमुक लांबीची १०० मिलिमीटरची वाहिनी बदलून १५० मिलिमीटरची करणे, किंवा पुरवठ्याची वेळ वेगळी करून टेलच्या भागाला आधी पाणी देणे. शेवटचा उपाय जवळजवळ बिनखर्चाचा आहे, आणि चावीवाल्याच्या वेळापत्रकात अर्ध्या तासाचा बदल करून तो अमलात येऊ शकतो. आपल्या विभागातील नियोजित टाकी आणि वाहिनी यांच्या कामाची स्थिती लेखी मिळत नसेल, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा; त्याला साधारणतः तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

एकाच टाकीवरच्या चार-पाच सोसायट्यांनी आपापल्या फाटकांवरचे दाब एकाच दिवशी, एकाच वेळी मोजले, तर त्या नोंदी नकाशावर मांडून दाब नेमका कोणत्या दोन फाटकांच्या मध्ये कोसळतो ते दाखवता येते. खणायचे कोठे, हे त्यावरून कार्यालयालाही कळते.